घरच्या घरी गाणं बनवताना काँगा-बोंगो कसे वापरायचे? व्हर्च्युअल लॅटिन पर्कशनची ओळख

होळी आणि लग्नसराई जवळ आली की नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर भागातली नवी गाणी यूट्यूबवर यायला लागतात. अहिराणी असो, भिली असो की पावरी, यातली बरीच गाणी आता मोठ्या स्टुडिओत नाही, तर घरातल्या एका खोलीत तयार होतात. साहित्यही मोजकंच: एक फोन किंवा जुना लॅपटॉप, एक माइक आणि जमलं तर छोटा कीबोर्ड. अशा गाण्यांकडे नीट कान दिला तर ढोलाच्या मागे हाताने वाजवल्यासारखी 'टक-टक-डुंग-डुंग' अशी थाप ऐकू येते. ती बहुतेक वेळा काँगाची असते, आणि ती वाजवणारा कोणी माणूस नसतो. तो असतो सॉफ्टवेअरमधला काँगा.

हे आवाज फोनमध्ये येतात कुठून, ते खरे वाटावेत म्हणून काय करायचं, आणि आपल्या ढोलासोबत ते बसवायचे कसे, हे या लेखात बघूया.

लॅटिन पर्कशन म्हणजे नेमकी कोणती वाद्यं?

क्युबा, ब्राझील, पोर्तो रिको या भागांतल्या तालवाद्यांना ढोबळमानाने लॅटिन पर्कशन म्हणतात. यातल्या बऱ्याच वाद्यांचं मूळ आफ्रिकेतून तिकडे नेलेल्या गुलामांच्या संगीतात आहे. घरच्या कामात वारंवार लागणारी वाद्यं ही:

- काँगा: उंच, निमुळता, हाताने वाजवायचा ढोल. सहसा दोन-तीन एकत्र असतात. सगळ्यात बारीक आवाजाचा क्विंतो, मधला काँगा आणि जाड आवाजाचा तुंबा.
- बोंगो: गुडघ्यांत धरून वाजवायची लहान जोडी. लहान तो 'माचो' म्हणजे नर, मोठा तो 'हेंब्रा' म्हणजे मादी.
- टिंबाले: धातूच्या कडीचे दोन ढोल, काठ्यांनी वाजवतात. आवाज खणखणीत.
- क्लाव्हे: दोन लाकडी दांडके एकमेकांवर आपटायचे. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ 'किल्ली'. ठेक्याची किल्ली याच्याकडे असते.
- गुइरो: खाचा पाडलेला भोपळा, त्यावर काडी घासायची. 'खर्रर्र-खट-खट' असा आवाज.
- माराकास: आत बिया भरलेले, हातात धरून हलवायचे खुळखुळे. मूळचे भोपळ्याचेच.
- काउबेल: गुरांच्या गळ्यातली घंटा, फक्त लोलक नसलेली. काठीने वाजवतात.

सातपुड्यातली होळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातलं काहीच फार परकं वाटणार नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीत मोठे ढोल घुमतात, आणि नाचणाऱ्यांच्या कमरेला भोपळे नि घुंगरं बांधलेली असतात. सुका भोपळा तालात हलवायचा, ही कल्पना क्युबातही सुचली आणि सातपुड्यातही.

ही वाद्यं आपल्याकडे आली कधी?

फोनच्या कितीतरी आधी. पुणतांब्यात जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांनी 1950 च्या 'समाधी' आणि 1951 च्या 'अलबेला' या चित्रपटांच्या संगीतात लॅटिन ठेके वापरले. मुंबईच्या स्टुडिओंत बोंगो आणि काँगा रुळवण्यात कावस लॉर्ड या पारशी वादकाचा मोठा हात होता. पुढे आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यात अमृतराव काटकर 'रेसो-रेसो' वाजवायचे. हे गुइरोच्याच जातीचं, घासून वाजवायचं ब्राझीलचं वाद्य.

गावोगावच्या बँड आणि ऑर्केस्ट्रात हे आवाज पोचले ते ऑक्टोपॅडमधून. रोलँड कंपनीने 1985 मध्ये पहिला आठ पॅडचा ऑक्टापॅड आणला. त्याच्या पुढच्या मॉडेल्समध्ये काँगा, बोंगो, टिंबाले हे आवाज तयारच येऊ लागले. वरातीच्या गाडीवर ऑक्टोपॅड वाजवणारा पोरगा गेली कित्येक वर्षं व्हर्च्युअल लॅटिन पर्कशनच वाजवतोय. फक्त त्याला हे नाव कोणी सांगितलं नाही.

आवाज फोनमध्ये आधीच आहेत

1991 मध्ये अमेरिकी आणि जपानी वाद्य कंपन्यांच्या संघटनांनी 'जनरल मिडी' नावाचं एक मानक ठरवलं. कुठल्या नंबरला कुठला आवाज वाजेल, ते सगळ्या कंपन्यांसाठी सारखं झालं. तालवाद्यांना 35 ते 81 असे 47 नंबर मिळाले. त्यातले आपल्या कामाचे:

- 56: काउबेल
- 60, 61: बोंगो, बारीक आणि जाड
- 62, 63, 64: काँगा. दाबलेली थाप, उघडी थाप, जाड काँगा
- 65, 66: टिंबाले
- 69, 70: कबासा आणि माराकास
- 73, 74: गुइरो, आखूड आणि लांब
- 75: क्लाव्हे

एक सूचना: 60 नंबरच्या सुराचं नाव प्रत्येक अ‍ॅपमध्ये वेगळं दिसतं. कुठे सी3, कुठे सी4, तर एफएल स्टुडिओत सी5. म्हणून नावापेक्षा नंबर लक्षात ठेवा.

अँड्रॉइडमध्ये मिडी फाइल वाजवण्यासाठी सोनिव्हॉक्सचा एक छोटा सिंथ दिलेला असतो, त्यातही हे आवाज आहेत. ते खेळण्यातल्यासारखे वाटतात, पण आहेत.

आता ही 47 आवाजांची यादी पुन्हा वाचा. त्यात ढोल नाही, ढोलकी नाही, तबलाही नाही. स्वरवाद्यांच्या 128 च्या यादीत सतार आणि सनईला जागा मिळाली, पण आपल्या तालवाद्यांना नाही. यादी बनवणाऱ्यांच्या बाजारात जे वाजत होतं ते यादीत आलं. म्हणूनच आजही नवीन अ‍ॅप उघडलं की काँगा पहिल्या मिनिटाला मिळतो आणि ढोल शोधावा लागतो.

व्हर्च्युअल काँगा आतून कसा चालतो?

चांगला व्हर्च्युअल काँगा म्हणजे खऱ्या काँगाच्या शेकडो छोट्या रेकॉर्डिंगचा संच. तुम्ही पॅडवर बोट टेकवलं की त्यातलं एक रेकॉर्डिंग वाजतं. कुठलं वाजायचं हे तीन गोष्टींवर ठरतं:

1. थापेचा प्रकार: उघडी थाप, दाबलेली थाप, चापट, तळव्याची जाड थाप, बोटांचा हलका स्पर्श.
2. जोर: मिडीत याला व्हेलॉसिटी म्हणतात, 1 पासून 127 पर्यंत. हळू वाजवलेली थाप म्हणजे जोराच्या थापेचा आवाज कमी केला असं नसतं. तिचा पोतच वेगळा असतो. म्हणून प्रत्येक जोराचं रेकॉर्डिंग स्वतंत्र करतात.
3. पाळी: एकच थाप सलग वाजवली तर दर वेळी थोडं वेगळं रेकॉर्डिंग वाजवतात. याला राउंड रॉबिन म्हणतात. हे नसेल तर बंदुकीसारखा एकसुरी 'टटटटट' आवाज येतो.

याचा हिशोब करून बघा. 48,000 हर्ट्झ, 16 बिट, स्टिरिओ आवाजाला एका सेकंदाला 48,000 × 2 × 2 म्हणजे 1,92,000 बाइट लागतात. एक थाप 2 सेकंदांची धरू. 5 प्रकार, 4 जोर, 4 पाळ्या म्हणजे 80 रेकॉर्डिंग. सगळं मिळून साधारण 30 एमबी, आणि हा फक्त एक काँगा. तिन्ही काँगांना 90 एमबी. लहान अ‍ॅपमधला काँगा प्लास्टिकच्या डब्यासारखा का वाटतो, याचं उत्तर यात आहे. 80 च्या जागी तिथे दोन-तीनच रेकॉर्डिंग असतात.

सुरुवात करायला काय लागतं?

- अ‍ॅप: बँडलॅब फुकट आहे, अँड्रॉइड, आयफोन आणि ब्राउझर तिन्हीकडे चालतं. आयफोनवर गॅरेजबँडही फुकट मिळतं. एफएल स्टुडिओ मोबाइल विकत घ्यावं लागतं. लॅपटॉपवर एलएमएमएस फुकट आहे आणि त्यात एसएफ2 प्रकारचे साउंडफाँट उघडतात. मोठ्या कामाला काँटॅक्टसाठीची 'क्युबा' लायब्ररी आहे, पण ती पैसे मोजून.
- वायरचा इअरफोन: ब्लूटूथने आवाज सहसा 100 ते 200 मिलिसेकंद उशिरा पोचतो. 120 बीपीएमच्या गाण्यात एका मात्रेला 500 मिलिसेकंद, म्हणजे पाव मात्रेला 125. ब्लूटूथ लावून पॅड वाजवलं तर थाप अख्खी पाव मात्रा मागे पडू शकते. गाणं ऐकायला ब्लूटूथ चालेल, वाजवायला नाही.
- लहान बफर: अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये बफर 256 असेल तर 48,000 हर्ट्झला त्याचा उशीर साधारण 5 मिलिसेकंद. फोनमध्ये आणखी काही टप्पे असतात, त्यांचा उशीर वेगळा. आवाज तुटायला लागला तर 512 करा.

हाताचे चार नियम

सॉफ्टवेअरला हात नसतात, त्यामुळे ते अशक्य गोष्टीही वाजवून दाखवतं. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण 'हे मशीन आहे' हे त्याला लगेच कळतं. म्हणून:

एक, दोनच हात धरा. एका क्षणी काँगाच्या दोनपेक्षा जास्त थापा ठेवू नका. त्याच वादकाकडून त्याच वेळी माराकासही वाजवून घेऊ नका.

दोन, सगळ्या थापा सारख्या जोराच्या नकोत. काँगाचा नेहमीचा ठेका 'तुंबाओ' आठ भागांचा असतो: तळवा, बोटं, चापट, बोटं, तळवा, बोटं, उघडी, उघडी. यात तिसरी, सातवी आणि आठवी थाप ठळक ऐकू येते. बाकीच्या म्हणजे हाताने धरलेली लय. ठळक थापांना 95 ते 105 आणि बाकीच्यांना 30 ते 40 व्हेलॉसिटी देऊन बघा. तुमच्या अ‍ॅपमध्ये फक्त 62, 63 आणि 64 असतील तर तळवा-बोटांसाठी 62 हळू, चापटीसाठी 62 जोरात आणि उघड्या थापांसाठी 63 किंवा 64 वापरा.

तीन, थापा जागेवर शंभर टक्के चिकटवू नका. क्वांटाइझचं बटण प्रत्येक थाप रेघेवर नेऊन ठेवतं. अ‍ॅपमध्ये टक्केवारी असेल तर 60-70 ठेवा. नसेल तर हलक्या थापा 5-10 मिलिसेकंद मागे-पुढे करा, ठळक थापा रेघेवर राहू द्या.

चार, एकच तुकडा चार मिनिटं फिरवू नका. कडवं बदलताना ठेका थोडा बदला. गायकाचा आवाज सुरू झाला की बोंगो गप्प करा. खरा वादकही हेच करतो.

चारची चाल की तीनची?

सगळ्यात जास्त गाणी इथे बिघडतात. बाजारातले बहुतेक लॅटिन लूप चारच्या हिशोबात असतात, म्हणजे केरव्याच्या घरातले. त्यांचा पाया म्हणजे क्लाव्हेचा ठेका. 16 घरांत 1, 4, 7, 11 आणि 13 वर टोला:

● ○ ○ ● | ○ ○ ● ○ | ○ ○ ● ○ | ● ○ ○ ○

पण आपल्याकडची नाचाची कितीतरी गाणी तीन-तीनच्या झोक्यात, दादऱ्यासारखी चालतात. त्यावर चारचा लूप टाकला की दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर लूप गाण्याशी भांडतो, नाहीतर ढोलवाल्याला चाल बदलून चारमध्ये वाजवायला सांगितलं जातं. दुसरा प्रकार मला जास्त वाईट वाटतो. तिथे फोनमधल्या फाइलसाठी माणूस आपला ताल सोडतो, आणि ऐकणाऱ्याला फक्त एवढंच वाटतं की 'आता सगळी गाणी सारखीच लागतात'.

याची गरजच नाही. क्युबाच्या संगीतातही बाराच्या घरातले ठेके आहेत. 'बेंबे' नावाच्या प्रकारात घंटेचा ठेका 12 घरांत 1, 3, 5, 6, 8, 10 आणि 12 वर वाजतो:

● ○ ● | ○ ● ● | ○ ● ○ | ● ○ ●

हा ठेका 56 नंबरच्या काउबेलवर लिहा, आवाज कमी ठेवा आणि खाली तुमचा तीनच्या चालीचा ढोल चालू करा. पहिली दोन-तीन मिनिटं कान गोंधळतील, मग दोन्ही एकमेकांत बसतात. अ‍ॅपमध्ये आधी ताल 6/8 निवडा किंवा ग्रिड ट्रिप्लेटवर ठेवा, नाहीतर घरं जुळणार नाहीत.

चाल ओळखायची सोपी युक्ती: ढोल ऐकताना पाय आपटा आणि दोन पावलांमध्ये किती समान भाग पडतात ते मोजा. तीन पडले तर बाराचं घर, दोन किंवा चार पडले तर सोळाचं. अ‍ॅप उघडायच्या आधी हे करायचं.

मिक्सिंग: ढोलाला जागा द्या

आपली गाणी दोन टोकांच्या यंत्रांवर वाजतात, फोनच्या स्पीकरवर आणि डीजेच्या बॉक्सवर. फोनचा छोटा स्पीकर खालचा जाड आवाज जवळपास देतच नाही. त्यामुळे फोनवर मिक्स केलं की ढोल गायब वाटतो, काँगा टणटणीत ऐकू येतो, आणि बनवणारा ढोल वाढवत जातो किंवा सरळ काढून टाकतो. मग तेच गाणं वरातीत लावलं की कान बसतात.

उपाय साधे आहेत. काँगाला साधारण 120 ते 150 हर्ट्झच्या खाली लो कट लावा, म्हणजे खालची जागा ढोलाची राहील. ढोलाच्या काठीचा 'टक' थोडा वर आणा, त्यामुळे फोनवरही ढोल कळतो. ढोल मध्यभागी, काँगा थोडा डावीकडे, माराकास उजवीकडे. शेवटी इअरफोन, फोनचा स्पीकर आणि एक मोठा बॉक्स, तिन्हीवर ऐका.

क्रॅक आणि लूपबद्दल दोन शब्द

टेलिग्रामवर फुकट मिळणाऱ्या क्रॅक लायब्ररीत व्हायरस असणं ही नेहमीची गोष्ट आहे. ज्या फोनवर तुमचं यूपीआय चालतं त्यावर अनोळखी एपीके टाकू नका. दुसरं, 'रॉयल्टी फ्री' लूप तुमच्या एकट्याचा नसतो. तोच लूप दुसऱ्या कोणी आपल्या गाण्यात वापरून ते गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत नोंदवलं, तर क्लेम तुमच्या व्हिडिओवर येऊ शकतो. स्वतः थाप-थाप लिहिलेल्या ठेक्यात हा धोका फारच कमी. घेतलेल्या प्रत्येक आवाजाचं लायसन्स पान स्क्रीनशॉट काढून जपून ठेवा.

आता हेच तंत्र ढोलाला लावा

क्युबाचा काँगा जगभरच्या फोनमध्ये पोचला, कारण कोणीतरी वादकाला समोर बसवून एकेक थाप रेकॉर्ड केली. धडगाव किंवा मोलगीच्या ढोलाचं तसं रेकॉर्डिंग करायला आज फोन पुरतो.

ढोलाच्या दोन्ही बाजू, प्रत्येक बाजूला 4 जोर, प्रत्येक जोराच्या 3 थापा. म्हणजे 24 रेकॉर्डिंग. गोधड्या टांगलेल्या शांत खोलीत, ढोलापासून चार-पाच फुटांवर फोन ठेवा. व्हॉट्सॅपचा रेकॉर्डर नको, तो आवाज दाबतो. डब्ल्यूएव्ही फाइल देणारं अ‍ॅप घ्या आणि आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सेटिंग असेल तर बंद करा. प्रत्येक थापेनंतर आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबा. नंतर प्रत्येक फाइलच्या सुरुवातीची शांतता कापा, नाहीतर तेवढाच उशीर वाजवताना जाणवेल. मग फाइली बँडलॅबच्या सॅम्पलरमध्ये भरा. 2 सेकंदांच्या मोनो फाइली धरल्या तर सगळा संच 5 एमबीच्याही आत बसतो.

ढोल वाजवणाऱ्याला आधी सांगा की या थापा पुढे अनेक गाण्यांत वापरल्या जातील. त्याची परवानगी घ्या, ठरलेले पैसे द्या, आणि गाण्याच्या वर्णनात त्याचं आणि त्याच्या गावाचं नाव लिहा. फाइलींनाही तसंच नाव द्या: गाव, ढोल, बाजू, जोर, पाळी. पुढच्या होळीला तुमच्या अ‍ॅपमध्ये 64 नंबरवर काँगा असेलच. शेजारच्या पॅडवर कुठला ढोल असेल, ते या 24 फाइलींवर ठरणार आहे.